रस्त्यावरची जबाबदारी आणि गतिज ऊर्जा

रस्त्यावर अपघात झाला की भोवती जमणाऱ्या गर्दीत पहिला प्रश्न ठरलेला असतो : चूक कोणाची? मोटारवाला म्हणतो, सायकलवाला अचानक आडवा आला. सायकलवाला म्हणतो, मोटार भरधाव होती. मोटारसायकलवाल्याला तर दोघेही नावे ठेवतात. हा प्रश्न स्वाभाविक असला तरी तो अपघातानंतरचा आहे. अपघातापूर्वी विचारायला हवा तो प्रश्न निराळा. एकच रस्ता वापरणाऱ्या या सर्वांनी सावधगिरीची जबाबदारी आपसात कशी वाटून घ्यायची? सर्वांनी सारखी, की कोणी जास्त आणि कोणी कमी?

गेल्या दीडशे वर्षांत या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे दिली गेली. त्यांचा इतिहास पाहिला, तर आठवी-नववीच्या विज्ञानात आपण शिकवतो त्या एका साध्या सूत्राकडे समाज किती सावकाश आणि किती किंमत मोजून पोहोचला, हे लक्षात येते.

लाल निशाण

इंग्लंडमध्ये १८६५ साली रस्त्यावरून धावणाऱ्या वाफेच्या गाड्यांसाठी एक कायदा झाला. त्यानुसार गाडीचा वेग गावाबाहेर ताशी ४ मैल आणि वस्तीत ताशी २ मैल यापेक्षा अधिक असता कामा नये. शिवाय गाडीच्या ६० यार्ड पुढे एका माणसाने हातात लाल निशाण घेऊन चालावे, असा दंडक होता. आज आपल्याला या कायद्याचे हसू येते. प्रगतीच्या वाटेतला अडथळा म्हणूनच त्याचा उल्लेख होतो, आणि एका अर्थाने तो अडथळा होताही. पण त्यामागचा विचार दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता. रस्त्यावर नवा धोका जो आणतो, इतरांना सावध करण्याचा भार त्यानेच उचलावा, असा तो विचार होता.

१८९६ च्या नोव्हेंबरात नवा कायदा अमलात आला. पुढे चालणाऱ्या माणसाची अट हलक्या गाड्यांपुरती रद्द झाली आणि वेगमर्यादा ताशी १४ मैलांवर गेली. त्याच वर्षी १७ ऑगस्टला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही ४४ वर्षांची स्त्री मोटारीच्या धडकेने मरण पावली. ब्रिटनमध्ये मोटारीने बळी घेतलेली ही पहिली पादचारी मानली जाते. चौकशीत ज्यूरीने निर्णय दिला : अपघाती मृत्यू. कोणावरही दोष आला नाही.

‘गावंढळ’ पादचारी

अमेरिकेत मोटारींची संख्या फार झपाट्याने वाढली. १९२० च्या सुमारास तेथील शहरांत रस्ता हा चालणाऱ्यांचा, फेरीवाल्यांचा आणि खेळणाऱ्या मुलांचाही होता. मोटारीखाली सापडणाऱ्यांत मुले मोठ्या संख्येने होती, आणि लोकांचा राग मोटारीवर होता. १९२३ मध्ये सिनसिनाटी शहरातील सुमारे ४२ हजार नागरिकांनी एका अर्जावर सह्या केल्या. प्रत्येक मोटारीत असे यंत्र बसवावे, की शहरात तिचा वेग ताशी २५ मैलांपलीकडे जाऊच नये, अशी त्यांची मागणी होती. ती मतदानाला आली. मोटार विकणाऱ्यांनी विरोधात जोरदार प्रचार केला आणि मागणी फेटाळली गेली.

यानंतर वाऱ्याची दिशा बदलली. रस्ता कोठूनही ओलांडणाऱ्या माणसासाठी ‘जेवॉकर’ हा शब्द प्रचारात आणला गेला. त्यातील ‘जे’ म्हणजे शहराची रीत न समजणारा गावंढळ माणूस. १९२५ साली लॉस एंजेलिसने पादचाऱ्यांना बांधणारे कडक नियम केले आणि पुढे इतर शहरांनी त्यांचे अनुकरण केले. धोका आणणारा बाजूला राहिला. धोक्यात सापडणाऱ्याने अंग चोरून वागावे, हा रिवाज झाला.

ठरावीक जागी रस्ता ओलांडणे चांगलेच, यात शंका नाही. पण रस्ता सुरक्षेचे जवळजवळ सगळे शिक्षण यानंतर ज्याच्याजवळ वेग नाही त्यालाच दिले जाऊ लागले. शाळेतल्या आपल्या ‘उजवीकडे पहा, डावीकडे पहा’ या धड्याचे मूळही याच विचारात आहे.

दोन सायकली आणि एक मोटारसायकल

ब्रिटनने १९३० च्या कायद्याने साध्या मोटारींवरची वेगमर्यादा उठवली. मात्र त्याच कायद्याने मोटारमालकाला तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा केला. १९३१ मध्ये ‘हायवे कोड’ ही पुस्तिका एका पेनीला विक्रीस आली. मोटारवाले, सायकलवाले आणि पादचारी या सर्वांनी रस्त्यावर कसे वागावे, याच्या सूचना तिच्यात एकत्र दिल्या होत्या. तरीही १९३४ साली ब्रिटनमध्ये सात हजारांहून अधिक माणसे रस्त्यावर मेली, आणि १९३५ च्या मार्चपासून वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा पुन्हा आणावी लागली.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, १३ मे १९३५ रोजी, डॉर्सेट परगण्यातील एका अरुंद रस्त्यावर ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून जगप्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स आपल्या ब्रफ सुपीरियर मोटारसायकलवरून घरी चालले होते. रस्त्याला मध्ये उतार होता. पुढे त्याच दिशेने सायकलवर दोन मुले जात होती, ती त्यांना उशिरा दिसली. त्यांना चुकवताना लॉरेन्स यांचा ताबा सुटला आणि ते फेकले गेले. मुले वाचली. लॉरेन्स यांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. सहा दिवस बेशुद्ध राहून १९ मे रोजी ते वारले.

त्यांना तपासायला बोलावलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे तरुण मेंदूशल्यचिकित्सक होते. पुढे ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक असताना केर्न्स यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १९४१ साली तो ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. महायुद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २२७९ मोटारसायकलस्वार आणि मागे बसणारे मरण पावले होते. हेल्मेट घालूनही जखमी झालेले स्वार केर्न्स यांना फक्त सात आढळले, आणि सातही वाचले होते. सातांवरून मोठा निष्कर्ष काढता येत नाही, हे उघड आहे. पण दिशा स्पष्ट होती. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात लष्कराने आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. नागरिकांसाठी तसा कायदा व्हायला १९७३ साल उजाडले. पुरावा आणि कायदा यांत ३२ वर्षांचे अंतर पडले.

पण केर्न्स यांच्या कामाने प्रश्नाची एकच बाजू सुटली. हेल्मेट स्वाराचे डोके वाचवते. समोरून येणाऱ्या सायकलवरच्या मुलाला त्याचा काय उपयोग?

सूत्र काय सांगते?

गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणून येणारी राशी. हे गणित वर्गात फळ्यावर मांडून पाहावे. ६० किलोचा माणूस ताशी ५ किलोमीटर वेगाने चालतो तेव्हा त्याची गतिज ऊर्जा सुमारे ५८ ज्यूल भरते. तोच माणूस १५ किलोच्या सायकलवर ताशी १५ किलोमीटर वेगाने जाऊ लागला की ती ६५० ज्यूल होते. १२० किलोच्या मोटारसायकलवर ताशी ५० किलोमीटरला ती सुमारे १७,४०० ज्यूलवर जाते. एक टन वजनाची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने धावते तेव्हा आकडा १,३९,००० ज्यूलच्या घरात असतो.

अर्थात ही सगळी ऊर्जा समोरच्याच्या शरीरात शिरत नाही. म्हणून दुसरे एक गणित करावे. हीच मोटार ७५ किलोच्या उभ्या सायकलस्वारावर आदळली आणि क्षणभर दोघे एकत्र पुढे गेले असे मानू. संवेग अक्षय्यतेच्या नियमाने दोघांचा वेग ताशी सुमारे ५६ किलोमीटर येतो. म्हणजे मोटारीच्या वेगात ४ चा फरक पडला, सायकलस्वाराच्या वेगात ५६ चा. इजा होते ती वेगातील या आकस्मिक बदलामुळे. एकाच टकरीत एकाला हिसका बसतो, तर दुसऱ्याचा जीव जातो. निसर्गनियमांनी परिणाम इतका विषम वाटला असताना सावधगिरी मात्र समसमान वाटायची, हे न्याय्य कसे ठरेल?

विषम वाटणीचा न्याय

हा विचार कायद्यात सर्वांत ठळकपणे उतरवला तो नेदरलँड्सने. १९७१ साली त्या छोट्या देशात रस्त्यावर तीन हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. अपघातात मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराने १९७२ मध्ये लिहिलेल्या लेखाचे शीर्षक होते, ‘बालहत्या थांबवा’. ते शीर्षक एका चळवळीचे नाव बनले. आईबाप आणि मुले रस्त्यावर आली. पुढील काळात सायकलींसाठी वेगळे मार्ग झाले, आणि निवासी गल्ल्यांत मोटारीला माणसाच्या चालीने जायला लावणाऱ्या रचनेला १९७६ मध्ये कायद्याचे अधिष्ठान मिळाले.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीस तेथील सर्वोच्च न्यायालयाने नुकसानभरपाईची वाटणीही स्पष्ट केली. मोटारीची धडक बसलेला सायकलस्वार किंवा पादचारी १४ वर्षांखालील असेल, तर जवळजवळ सर्व भरपाई मोटारीच्या बाजूने द्यायची. तो मोठा असेल, तर त्याची चूक असली तरी सामान्यतः किमान निम्मी द्यायची. येथे बारकावा लक्षात घ्यावा. मोटारचालक गुन्हेगार आहे, असे हा नियम म्हणत नाही. जो अधिक ऊर्जा घेऊन रस्त्यावर आला, त्याने परिणामांचा अधिक भार उचलावा, एवढेच तो सांगतो.

१९९७ मध्ये स्वीडनच्या संसदेने आणखी एक भागीदार या वाटणीत आणला : रस्ते आणि वाहने बनवणारे. माणूस चुकणारच, पण त्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये अशी रचना करणे हे त्यांचे काम मानले गेले. २०२२ मध्ये ब्रिटिश हायवे कोडमध्येही नवा नियम आला : जो जास्त इजा करू शकतो त्याची काळजी घेण्याची जबाबदारी जास्त. ट्रकने मोटारीला, मोटारीने मोटारसायकलला, मोटारसायकलने सायकलला आणि सायकलने पादचाऱ्याला जपावे.

आपल्याकडे

हे तत्त्व भारतीय कायद्याला परके नाही. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात १९८२ साली दुरुस्ती होऊन, चूक सिद्ध न करताही ठरावीक भरपाई मिळण्याची तरतूद झाली. २०१९ च्या दुरुस्तीने ही रक्कम मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये केली. पण ही सारी व्यवस्था अपघातानंतरची आहे. २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मरण पावली. त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीस्वार होते आणि जवळपास एक पंचमांश पादचारी. तरी हेल्मेटची सक्ती आली की पुण्यासारख्या एके काळी सायकलींचे शहर म्हणवणाऱ्या गावातही मोर्चे निघतात.

दुर्बळाची जबाबदारी कमी असते म्हणजे ती शून्य असते, असे नव्हे. रात्री दिवा नसलेली किंवा उलट्या बाजूने येणारी सायकल मोटारवाल्याला सावध राहण्याची संधीच नाकारते. आणि पदपथावर शिरलेला सायकलस्वार तेथील म्हाताऱ्या माणसाच्या दृष्टीने ‘मोठे वाहन’च असतो.

शिक्षकांच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा पुढेच आहे. जानेवारीत रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम होतो, तेव्हा आपण मुलांना स्वतःला कसे वाचवायचे ते सांगतो. ते सांगायलाच हवे. पण दहावीत सायकलवर येणारा विद्यार्थी तीन-चार वर्षांत मोटारसायकलवर बसणार असतो. तेव्हा तोच मुलगा आजच्या सुमारे सत्तावीस पट गतिज ऊर्जा घेऊन त्याच शाळेसमोरून जाईल. गतिज ऊर्जेचा धडा शिकवताना चेंडूच्या उदाहरणाशेजारी हे उदाहरणही घ्यावे, आणि आकडेमोड मुलांनाच करू द्यावी.