दाभोळचं जहाज, आफ्रिकेची नाचणी आणि तुमचा किन्वा

हा एपिसोड ऐकताना तुमच्यापैकी कोणीतरी नक्की ओट्स खात असेल. कोणी पहिल्यांदाच किन्वा शिजवत असेल आणि मागून आईचा आवाज येत असेल, "हे काय नवीन आणलंस आता?" आज आपल्याला या "हे काय नवीन"चाच इतिहास बघायचाय. त्यासाठी जायचंय रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलला.

नकाशा उघडा. वाशिष्ठीची खाडी जिथे समुद्राला मिळते, तिथे दक्षिणेच्या काठावर अंजनवेल आहे आणि समोर उत्तरेच्या काठावर दाभोळ. (ज्याला सगळं जग 'दाभोळ वीज प्रकल्प' म्हणतं, तोसुद्धा खरं तर अंजनवेलच्या बाजूला आहे. पण ती भानगड वेगळ्या एपिसोडची.) अंजनवेलच्या टेकाडावर गोपाळगड आहे. तो तिथे का आहे, हे त्या तटावर उभं राहिलं की लगेच कळतं. खाडीत येणारं किंवा खाडीतून बाहेर पडणारं प्रत्येक जहाज या टेकाडाच्या नजरेखालून जायचं. दाभोळ हे बहमनी काळातलं मोठं बंदर. तिथे अरबस्तान, इराणकडून घोडे यायचे, इथून कापड आणि मसाले जायचे.

अफनासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी बहमनी राज्यात काही वर्षं फिरला. परत जाताना, १४७० च्या दशकाच्या सुरुवातीला, तो दाभोळलाच जहाजात बसला. म्हणजे तोही या अंजनवेलच्या टेकाडासमोरूनच गेला असणार. जायचं होतं होर्मुझला. पण महिनाभर समुद्रात राहिल्यावर त्याला समोर दिसले ते हबश्यांच्या देशाचे डोंगर, म्हणजे आफ्रिका! जहाज लुटलं जाऊ नये म्हणून तिथल्या लोकांना तांदूळ, मिरी आणि भाकरी वाटून वेळ निभावून नेली, असं त्याने लिहून ठेवलंय.

मला हा प्रसंग जाम आवडतो. कारण आपल्या डोक्यात आफ्रिका म्हणजे काहीतरी फार लांबचं प्रकरण असतं. दाभोळच्या खलाशाला ती वाऱ्याच्या एका चुकीइतकी जवळ होती. आणि निकितीनच्या कितीतरी आधी, हजारो वर्षांपूर्वी, याच अरबी समुद्राच्या व्यवहारातून उलट्या दिशेने एक धान्य आपल्याकडे आलं होतं. नाचणी.

हो. आजीची, डोंगराची, मातीची वगैरे असलेली नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेतल्या उंच डोंगराळ प्रदेशातली. तिचा रानटी पूर्वज आजही तिथे उगवतो. एवढंच नाही. ज्वारी आली ती सुदानच्या बाजूने, बाजरी आली सहाराच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यातून. म्हणजे महाराष्ट्राच्या तिन्ही भाकऱ्या आफ्रिकेच्या! 'आमचं पारंपरिक' म्हणून आपण जे छातीठोकपणे सांगतो, ते कधीतरी कोणाच्या तरी घरात "हे काय नवीन" होतंच.

मग नाचणी टिकली कशी? कोकणात सपाट, पाणी धरणारी जमीन थोडी. तिथे भात. बाकी सगळा डोंगरउतार, जांभा दगड, वर मातीचा पातळ थर. याला आपल्याकडे वरकस जमीन म्हणतात. तिथे राब भाजायचा, रोपं करायची आणि भर पावसात उतारावर नाचणीची लावणी. जिथे भात उभं राहत नाही तिथे ही उभी राहते. दाणा इतका बारीक की त्याला कीड सहसा लागत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं साठवता येते. पाऊस फसला, भात गेलं, की कणगीतली नाचणी काढायची. आपल्या भाषेत बॅकअप. आणि तिला स्वयंपाकघरात जागा मिळाली ती तयार साच्यांत. भाकरी, आंबील, पेज, पापड, बाळाला सत्त्व. कोणाला नवीन डिश शिकायची गरज पडली नसणार.

आता पोर्तुगीज. डिसेंबर १५०८ मध्ये फ्रान्सिस्को द अल्मेडाने दाभोळ लुटलं, जाळलं. फार क्रूर प्रकरण आहे ते. पण याच पोर्तुगीजांच्या जहाजांतून पुढे अमेरिका खंडातली पिकं या किनाऱ्यावर उतरली. मिरची, काजू, पेरू, पपई, रताळी. बटाटा आणि शेंगदाणाही मूळचे तिकडचेच. गंमत बघा, एकादशीचं ताट घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेचा. आपल्याकडे तमिळनाडूतल्या सेलमला तो बनू लागला १९४३ च्या सुमारास, महायुद्धात आयात बंद पडली म्हणून. त्यात घातलेला शेंगदाणा, बटाटा, हिरवी मिरची, सगळं अमेरिका खंडातलं. त्या ताटातली अस्सल इथली म्हणजे वरी. जी आपण सगळ्यात शेवटी वाढून घेतो.

म्हणजे आपण नवीन खायला घाबरणारे लोक नाही. मग घोडं अडतं कुठे?

याचं उत्तर मला मिलोमध्ये सापडतं. १९५४ साली अमेरिकेत पी. एल. ४८० नावाचा कायदा झाला आणि त्याखाली पुढची कित्येक वर्षं तिकडचं धान्य भारतात आलं. लाल गहू आणि मिलो. तुमच्या घरात सत्तरीच्या आसपासचं कोणी असेल तर आज संध्याकाळी फक्त 'मिलो' एवढा शब्द उच्चारून बघा. चेहरा वाकडा होईल. १९७२ च्या दुष्काळात रेशनच्या रांगेत उभं राहून लोकांनी ही लाल मिलो घेतली, तिच्या भाकऱ्या खाल्ल्या आणि दुष्काळ सरल्यावर कधी तिचं नाव काढलं नाही. काढलं तर शिवीसारखं.

आता यातली मेख. मिलो म्हणजे ज्वारीच! एकच प्रजाती. आफ्रिकेतून निघालेलं तेच धान्य एका वाटेने हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आलं आणि 'शाळू' झालं, 'मालदांडी' झालं. दुसऱ्या वाटेने अमेरिकेत गेलं, तिथे मुख्यतः जनावरांचा चारा म्हणून पिकलं आणि दुष्काळात आपल्या रांगेत येऊन उभं राहिलं. चवीत फरक होताच, नाही असं नाही. पण माझं मत विचाराल तर लोकांनी नुसती चव नाकारली नाही. त्यांनी ती रांग नाकारली. कोणीतरी आपल्याला गुरांचं धान्य वाटतंय, ही भावना भाकरीबरोबर गिळावी लागत होती.

आणि हेच, अगदी हेच, घरच्या नाचणीचं झालं. फक्त हळूहळू. भात म्हणजे प्रतिष्ठा, नाचणी म्हणजे नाइलाज. माझी आजी पाहुणे आले की नाचणीची भाकरी झाकून आत ठेवायची आणि उसने तांदूळ आणून भात टाकायची. ती हे हसत सांगते, मला मात्र ऐकताना हसू येत नाही. मुंबईच्या मनीऑर्डरी यायला लागल्यावर कोकणातल्या घरांनी आधी काय बदललं असेल तर ताटातला भाताचा ढीग वाढवला.

सरकारी कागदावरही हीच उतरंड दिसते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात रेशनचे दर ठरले. तांदूळ ३ रुपये किलो, गहू २ रुपये, भरडधान्य १ रुपया. सगळ्यात पौष्टिक ते सगळ्यात स्वस्त, आणि कोकणातल्या रेशन दुकानात मिळणार मुख्यतः तांदूळ आणि गहू. दुसरीकडे १९९० पासून रोजगार हमीला जोडलेली फळबाग योजना आली. वरकस उतारांवर आंबा आणि काजूची कलमं लागली. लोकांच्या हातात पैसे आले, यात वाद नाही. पण हिशेब असा झाला की ब्राझीलच्या काजूने आफ्रिकेच्या नाचणीला कोकणातून उठवलं. उरलेल्या तुकड्यांवर लावणीला माणसं नाहीत, आणि पीक आलंच तर रानडुकरं आणि माकडं.

आता उलटा वारा सुटलाय. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं, तेही भारताच्या प्रस्तावावरून. त्याच वर्षी बजेटमध्ये 'श्रीअन्न' हे नाव आलं. २०२३-२४ साठी नाचणीचा हमीभाव क्विंटलला ३,८४६ रुपये होता, साध्या भाताचा २,१८३. पेरायला माणूस उरला नाही तेव्हा भाव आला!

आणि किन्वा? त्याची गोष्ट ऐकली की तुम्हाला तो परका वाटणारच नाही. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरांवरचं हे धान्य. स्पॅनिश आले आणि ते 'आदिवासींचं खाणं' म्हणून खाली ढकललं गेलं. बोलिव्हियाच्या शहरांतले लोक पास्त्याकडे वळले. मग २०१३ साल किन्व्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं. अमेरिका-युरोपच्या मागणीमुळे भाव चढतच होते. मग बाकीच्या देशांनीही तो पिकवायला सुरुवात केली आणि भाव कोसळले. डोंगरावरचा शेतकरी पुन्हा होता तिथेच. आपल्या 'श्रीअन्न'वाल्यांनी हे प्रकरण नीट वाचून ठेवावं.

असो. आता तुमच्या ताटाचं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६० मिलीग्रॅम कॅल्शियम आहे. पांढऱ्या तांदळात १० सुद्धा नाही. मात्र धान्यातलं सगळंच कॅल्शियम अंगी लागत नाही, त्यातली फायटेट्स ते अडवतात. मोड आणले किंवा आंबवलं की हा अडथळा कमी होतो. आपल्या आज्या सत्त्वासाठी नाचणीला मोड का आणायच्या आणि आंबील आंबवायच्या का, हे इथे कळतं. आणि नाचणी म्हणजे डायबेटिसवरची जादू नव्हे. बारीक पिठाची पातळ खीर, वर गूळ, असं घेतलंत तर रक्तातली साखर वाढणारच. पाकिटातल्या 'रागी कुकीज' घेताना मागचं लेबल वाचा. घटकांच्या यादीत ज्याचं प्रमाण जास्त ते आधी लिहिलेलं असतं. पहिलं नाव मैद्याचं असेल तर तुम्ही मैद्याची बिस्किटं घेताय, तपकिरी रंगाची.

सुरुवात भाकरीने करू नका. नाचणीत ग्लूटेन नाही, त्यामुळे गव्हाच्या कणकेसारखी लाटायला गेलात की चिरणार. उकळत्या पाण्यात पीठ घालून उकड काढायची, कोमट असताना चांगली मळायची आणि थापायची. हात बसायला वेळ लागतो. त्याआधी घावणे करा. तांदळाच्या दोन वाट्या पिठात एक वाटी नाचणीचं पीठ, मीठ, पाणी, बिडाचा तवा. सोबत खोबऱ्याची चटणी. घरात कोणाला सांगूही नका की हे हेल्दी आहे.

शक्य असेल तर पीठ गावाकडून मागवा. गुहागर, चिपळूण, दापोलीकडे अजून थोडी घरं उतारावर नाचणी लावतात. भाव करू नका. पुढच्या एपिसोडमध्ये कुळीथ. भेटू!