अनोळखी हातांवरचा प्रवास

डच लोकांनीं इ. स. 1652 मध्यें केप ऑफ गुड होप येथें वसाहत केली. त्यापूर्वीं युरोप व पूर्वेकडील देश यांच्या दरम्यान ये-जा करणारीं इंग्रज व डच जहाजें तेथील टेबल उपसागरांत गोडें पाणी भरून घेण्यासाठीं थांबत असत. किनाऱ्यावर टपालघर नव्हतें, कीं पत्र घ्यावयास कोणी अधिकारी नव्हता. म्हणून खलाशी एखाद्या दगडावर जहाजाचें नांव, कप्तानाचें नांव आणि दिनांक कोरीत व त्याखालीं आपलीं पत्रें ठेवून पुढें जात. सुरतेच्या वखारीकडे निघालेल्या जहाजानें ठेविलेलें पत्र मायदेशीं परतणारें दुसरें एखादें जहाज उचलून नेई. असे कांहीं कोरीव दगड केप टाउनच्या संग्रहालयांत जतन केलेले आहेत. तें पत्र पोंचविण्याचें बंधन नेणारावर कोणत्याहि कायद्यानें घातलेलें नव्हतें. आज दुसऱ्याचें पत्र आपण न्यावें, म्हणजे उद्यां आपलें पत्र दुसरा कोणी नेईल, एवढ्याच समजुतीवर ही व्यवस्था चालत असे.

गरज सरल्यावर अशा समजुती लोप पावतात, असा आपला सर्वसाधारण अनुभव आहे. परंतु येथें तसें झालें नाहीं. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यांत डार्टमूर नांवाचें ओसाड व दलदलीचें माळरान आहे. त्यांतील क्रॅनमिअर पूल या दुर्गम स्थळीं 1854 सालीं जेम्स पेरट नांवाच्या वाटाड्यानें एक बाटली ठेविली. तेथवर पायीं येणारानें आपल्या नांवाचें कार्ड तींत टाकावें, एवढाच हेतु होता. पुढें स्वतःचाच पत्ता लिहिलेलें टपाल-कार्ड तेथें ठेवून येण्याची चाल पडली. मागाहून येणारानें तें उचलावें आणि टपालांत टाकावें. टपालाची सोय घराजवळ असतांना हा खटाटोप कोणी कां करावा? उघडच आहे कीं, पत्र पोंचविणें हा आतां हेतु राहिला नव्हता. अनोळखी माणूस आपलें काम करतो कीं नाहीं, हें पाहण्यांतच गोडी होती.

याच परंपरेची अर्वाचीन शाखा म्हणजे जिओकॅशिंग हा खेळ. उपग्रहांवरून स्थान सांगणाऱ्या यंत्रणेंत अमेरिकन सरकारनें सामान्य लोकांपुरती जी मुद्दाम चूक ठेविली होती, ती 2000 सालच्या मे महिन्याच्या आरंभीं अध्यक्ष क्लिंटन यांच्या आज्ञेनें काढून टाकण्यांत आली. लगेच 3 मे रोजीं डेव्ह उल्मर यांनीं ऑरेगन संस्थानांत बीव्हरक्रीकजवळच्या झाडींत एक बादली ठेविली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. बादलींत पुस्तकें वगैरे किरकोळ वस्तु व घेवड्याचा एक बंद डबा होता. शोधणारानें कांहीं घ्यावें व कांहीं ठेवावें, हा नियम. तेव्हांपासून अशा गुप्त पेट्या जगभर पसरल्या आहेत.

पुढच्याच वर्षीं, म्हणजे 2001 मध्यें, या खेळांत ट्रॅव्हल बग आला. हा धातूचा लहानसा बिल्ला असून त्यावर एक स्वतंत्र क्रमांक कोरलेला असतो. मालक तो एखाद्या बाहुलीस, किल्लीस किंवा खेळण्यास अडकवितो, अमुक ठिकाणीं जावें असा मनोरथ नोंदवितो आणि ती वस्तु पेटींत सोडून देतो. ही वस्तु सांपडणारानें आपल्यापाशीं ठेवावयाची नसते. दुसऱ्या पेटींत नेऊन ठेवावयाची असते. प्रत्येक मुक्कामाची नोंद होते व अंतराची बेरीज वाढत जाते. क्रमांक चारचौघांत सांगावयाचा नाहीं, कारण तो ठाऊक असणें हाच वस्तु पाहिल्याचा पुरावा. इतिहासाच्या अभ्यासकास हेवा वाटावा अशी ही साधनसामग्री आहे! एखाद्या नाण्याचा किंवा मूर्तीचा प्रवास जुळवितांना आम्हांस शतकांच्या फटी तर्कानें बुजवाव्या लागतात. येथें प्रत्येक पावलास साक्षीदार आहे.

परंतु हा दप्तरखानाहि वाटतो तितका पूर्ण नाहीं. पुष्कळशा वस्तु कोठेंतरी नाहींशा होतात. पेटी पुरांत वाहून जाते, कोणी मूल खेळणें म्हणून घरीं नेतें, किंवा उद्यां पुढें पाठवूं असें म्हणणाऱ्याच्या खणांत ती वर्षानुवर्षें पडून राहते. ज्यानें वस्तु पुढें नेली त्याचें नांव नोंदींत असतें. जेथें ती थांबली त्या शेवटच्या हाताचें नांव मात्र नसतें. केपच्या दगडाखालून जीं पत्रें पोंचलीं त्यांचीच आम्हांस माहिती. जीं पोंचलीं नाहींत त्यांचा इतिहास कोण लिहिणार? विश्वासाचा इतिहास हा नेहमीं विश्वासू माणसांनींच लिहिलेला असतो, व म्हणून तो वाचतांना थोडें सावध असावें.

या वस्तूंपैकीं एकीनें तर पृथ्वीच सोडली. 30 जुलै 2020 रोजीं निघालेलें पर्सीव्हिअरन्स हें यान सुमारें 47 कोटि किलोमीटरांचा प्रवास करून 18 फेब्रुवारी 2021 रोजीं मंगळावरील जेझेरो विवरांत उतरलें. त्याच्या एका उपकरणाच्या तपासणीसाठीं बसविलेल्या तबकडीवर, अंतराळवीरांच्या शिरस्त्राणाच्या पारदर्शक द्रव्याच्या तुकड्यावर, असाच एक क्रमांक कोरलेला आहे. यानानें पाठविलेल्या छायाचित्रांत तो वाचून पृथ्वीवरील हौशी माणसें त्याच्या दर्शनाची नोंद करतात.

अंतराच्या दृष्टीनें याची बरोबरी कोणती वस्तु करील? तरीहि मला तो या घराण्यांतला वाटत नाहीं. त्याला उचलून खिशांत घालणारें तेथें कोणी नाहीं. म्हणून तो हरवण्याचें भय नाहीं, आणि म्हणूनच कोणा परक्यानें तो दुसऱ्या पेटींत नेऊन ठेवण्याचीहि शक्यता नाहीं. यंत्रानें नेला तेवढाच त्याचा प्रवास. इकडे, ज्या बिल्ल्याला पुढच्याच पेटींत कोणी चोरील असें भय आहे, त्यालाच कोणी समुद्रापलीकडे नेऊन पोंचवील अशी आशा आहे. भय व आशा हीं दोन्ही एकाच हातांत असतात. दगडाखालीं पत्र ठेवून शीड उभारणाऱ्या खलाशाला हें पक्कें ठाऊक होतें, आणि तरीहि तो पत्र ठेवून जात असे.