14 सेकंद

सप्टेंबर 1940. लंडनच्या दक्षिणेला केन्लीच्या धावपट्टीवरून तुमचं हरिकेन लढाऊ विमान नुकतंच हवेत झेपावलं आहे. ऑक्सिजनचा कापडी मास्क तोंडावर घट्ट बसलाय आणि मायक्रोफोन त्या मास्कमध्येच आहे. रेडिओ मात्र तुम्हाला दिसत नाही. टीआर 9 डी नावाचा तो संच तुमच्या पाठीमागे, विमानाच्या पोटात आहे. डाव्या हाताशी फक्त त्याचं नियंत्रण. ते हलवलं की लवचिक केबलमधून मागचा संच चालतो.

इंजिनाच्या गर्जनेतून कानात खरखर येते आणि तिच्यामागून जमिनीवरच्या कंट्रोलरचा आवाज : ‘व्हेक्टर वन थ्री झीरो, एंजल्स फिफ्टीन.’ म्हणजे 130 अंशांची दिशा धरा आणि 15 हजार फुटांवर चढा. तुम्ही विमान वळवता. तेवढ्यात आवाज विरतो. फ्रिक्वेन्सी सरकली! शत्रूसाठी आभाळ न्याहाळायचं, शेजारच्या विमानाशी अंतर राखायचं आणि त्यातच हाताने सूर पुन्हा जुळवायचा. हे सगळं ऐन विशीतली मुलं करत होती, हे विसरता येत नाही. जमिनीशी बोलायला या संचाची पोच फार तर 35-40 मैल.

आज स्क्वाड्रनमध्ये आणखी एक काम तुमच्याकडे आहे. कॉकपिटमध्ये एक छोटं घड्याळ फिरतंय. दर मिनिटाला ते तुमचा रेडिओ 14 सेकंदांसाठी दुसऱ्या चॅनेलवर नेतं आणि तिथून एक सलग सूर प्रसारित होतो. याला वैमानिक ‘पिप-स्क्वीक’ म्हणतात. ते सुरू आहे ना, हे विचारताना कंट्रोलर म्हणतो, ‘तुमचा कोंबडा आरवतोय का?’ या 14 सेकंदांत तुम्हाला बोलता येत नाही, ऐकूही येत नाही. मागून जर्मन मेसरश्मिट विमान आलं, तरी सोबत्याची हाक तुमच्यापर्यंत पोचणार नाही.

ही जोखीम घ्यायची कशासाठी? ब्रिटनच्या किनाऱ्यावरच्या ‘चेन होम’ रडारची नजर समुद्राकडे. जमिनीवर आलेलं विमान त्याला दिसत नाही. म्हणून खाली तीन दिशाशोधक केंद्रं तुमचा सूर पकडतात आणि दिशा ऑपरेशन्स रूमला फोनवरून कळवतात. तिथे टेबलावरच्या नकाशावर तीन दोरे ताणले जातात. ते जिथे छेदतात, तिथे तुम्ही! केन्लीवर 18 ऑगस्टला बॉम्बहल्ला झाला. त्यानंतर ही ऑपरेशन्स रूम जवळच्या कॅटरहॅम गावात, खाटकाच्या रिकाम्या दुकानात हलवावी लागली. तिथून तुमची जागा पाहून पुढची दिशा दिली जाते.

थोड्याच काळात टीआर 1133 हा व्हीएचएफ संच सगळीकडे बसेल. चार चॅनेल, चार बटणं, स्फटिकाने पक्की धरलेली फ्रिक्वेन्सी, स्वच्छ आवाज. पण 1940 च्या उन्हाळ्यात बहुतेक वैमानिकांच्या वाट्याला आला तो टीआर 9 डीच.

ब्रिटनच्या लढाईचं श्रेय स्पिटफायर, हरिकेन आणि रडारला दिलं जातं, ते योग्यच आहे. पण रडारने पाहिलेलं आणि विमानाने गाठलेलं यांची सांगड या खरखरत्या संचाने घातली. त्या यादीत त्याचंही नाव असायलाच हवं.