दुकानाची पायरी

मराठीत 'पायरी' हा शब्द दोन अर्थांनी वावरतो. दुकानाची पायरी चढणे ही साधी कृती आहे. आपली पायरी ओळखून असणे हा सामाजिक दंडक आहे. शहरातील भव्य, अनेक विभागी दुकानांचा इतिहास सहसा संस्थापकांच्या कर्तबगारीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आम्हांस तो या दोन अर्थांमधील ताणाचा इतिहास म्हणून वाचावासा वाटतो.

नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर म्हणजे पूर्वीचे वाढोणा. निजामी राजवटीची खूण त्याच्या आजच्या नावातच आहे. अशा गावाच्या पेठेतील जुने कापडदुकान डोळ्यांपुढे आणावे. गादीवर तक्क्याला टेकून मालक बसलेला, थान त्याच्याच हातून उलगडणार, भाव पाटीवर नव्हे तर तोंडी, आणि तोही गिऱ्हाईक पाहून ठरणारा. पैसे सुगीनंतर दिले तरी चालत. या व्यवहाराचे खरे भांडवल होते ओळख. मात्र ओळखीत जातही आलीच. अस्पृश्य मानलेल्या माणसाने ओट्याखाली उभे राहावे आणि माल त्याच्या पुढ्यात वरून टाकला जावा, ही रीत त्याच ओळखीची दुसरी बाजू होती.

ही रचना युरोपात मोडली ती पॅरिसमध्ये. 1852 साली आरिस्तीद बुसिको हा गृहस्थ 'बों मार्शे' या दुकानात भागीदार म्हणून शिरला आणि 1863 मध्ये पूर्ण मालक झाला. ठरलेला व लिहिलेला भाव, खरेदीची सक्ती न करता मुक्त प्रवेश, न आवडलेला माल परत घेण्याची हमी, आणि कमी नफ्यावर मोठी विक्री ही त्याच्या दुकानाची सूत्रे झाली. यांतले प्रत्येक सूत्र त्याने प्रथम शोधले असे नाही. पण ती सारी एका छपराखाली आणून त्याने व्यापाराचे रूप पालटले. 1877 मध्ये त्याचे निधन झाले. मुलगाही लवकरच गेला. तेव्हा पत्नी मार्गरीत हिने 1880 मध्ये कर्मचाऱ्यांना भागीदार करून घेतले. घराण्याचे दुकान असे संस्थेत रूपांतरित झाले.

एमिल झोलाने 1883 च्या 'ओ बॉनर दे दाम' या कादंबरीसाठी याच दुकानाची प्रत्यक्ष पाहणी करून टिपणे काढली होती. कादंबरीतील देनीज खेड्यातून येते ती काकाच्या अंधाऱ्या कापडदुकानात, आणि समोरच्या झगमगत्या दुकानात नोकरी धरते. काकाचे दुकान बुडते. झोलाला दोन्ही बाजू दिसतात: यंत्राचा वेग दिसतो, आणि त्याखाली चिरडलेली माणसेही.

मराठवाड्यासाठी 1948 पर्यंत राजधानी हैदराबाद होती. तेथे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या खाजगी सेवेतील आबिद या आर्मेनियन गृहस्थाने दुकान थाटले. दुकान गेले, पण त्या साऱ्या भागाला 'आबिड्स' हे नाव चिकटले ते आजतागायत. मुंबईच्या फोर्ट भागात 1897 पासूनची परंपरा सांगणारे 'अकबरअलीज' हे दाऊदी बोहरा समाजातील खोराकीवाला कुटुंबाचे दुकान. औषधांपासून कपड्यांपर्यंत अनेक विभाग एकत्र नांदवणाऱ्या या दुकानाने मुंबईकरांच्या पिढ्यांना खरेदीचे नवे वळण लावले. 'मॉन्जिनीज' आणि 'वोक्हार्ट' ही नावेही याच कुटुंबाशी जोडलेली.

येथे एक भाषिक तपशील लक्षात घ्यावा. 'बों मार्शे' याचा अर्थ स्वस्त सौदा. त्या नावात कोणी माणूस नाही. 'आबिड्स' आणि 'अकबरअलीज' या नावांत मात्र माणूस आहे आणि त्याला जोडलेला इंग्रजी षष्ठीचा 'स' आहे. भाव छापील झाला, गादी गेली, मालक नजरेआड झाला. तरी पाटीवर मालकाचे नाव लागले. आपल्याकडे विश्वास भावपत्रकावर बसण्याआधी माणसावर बसतो, हे या 'स'ने मान्य केले आहे, असे आम्हांस वाटते.

मग पायरीचे काय झाले? छापील भाव सर्वांना सारखाच असतो. गिऱ्हाइकाची जात वा गरज पाहून तो बदलत नाही, ही लहान गोष्ट नव्हे. 1950 च्या संविधानातील अनुच्छेद 15 (2) भेदभावाविना प्रवेशाची जी ठिकाणे सांगतो, त्यांत पहिला शब्द 'दुकाने' हा आहे. कायद्याला हे लिहावे लागले, यातच जुन्या ओट्याचा सारा इतिहास आला. पण नव्या दुकानांनी नव्या पायऱ्या घडवल्या. काचेचे दार, गणवेशातला दरवान, इंग्रजीतून होणारी विचारपूस, या गोष्टी कोणाला अडवत नाहीत. अनेकजण स्वतःच दाराशी थबकतात. 1991 मध्ये अंधेरीत 'शॉपर्स स्टॉप' आले, पुढे मॉल आले, आणि अकबरअलीजसारखी घराण्याची दुकाने मागे पडली. प्रवेश मोकळा झाला. संकोच मात्र पुरता गेला नाही.

उलट बाजूही नोंदवली पाहिजे. ठरलेल्या भावाबरोबर रोखीचा व्यवहार आला. पाऊस हुकलेल्या वर्षी कापड उधार देणारा माणूस छापील पाटीच्या मागे नसतो. त्या उधारीत अनेक घरे पिढ्यान्‌पिढ्या अडकली हे खरे. तिच्यावर अनेक घरांतली लग्ने उभी राहिली हेही खरे.

साहित्याच्या अभ्यासकांना आमचे सुचवणे इतकेच: आपल्या ग्रामीण आणि दलित साहित्यातील दुकानाचे प्रसंग पुन्हा वाचावेत. कोण आत बसले आहे, कोण पायरीवर, कोण पायरीखाली, आणि भाव कोणी उच्चारला, हे पाहावे. दुकानाचा इतिहास हिशेबाच्या वह्यांत सापडेल तितकाच तेथेही सापडेल.