हळकुंडातल्या पिवळ्याची कुळकथा

माघ-फाल्गुनात हदगावच्या शिवारात हळद शिजू लागली की वास पार रस्त्यापर्यंत येतो. वाफेवर शिजवायची, उन्हात वाळवायची, ड्रममध्ये फिरवून पॉलिश करायची. नीट वाळलेलं हळकुंड खटकन मोडतं. मग घेणारा आतला गाभा बघतो, कितपत केशरी आहे ते. त्या रंगाचा धनी कर्क्युमिन. शंभर ग्रॅम वाळल्या हळदीत तो जेमतेम तीन-चार ग्रॅम भरतो.

शास्त्रज्ञांच्या हाती तो लागला रंग म्हणून. त्याचा स्वभाव मात्र आपल्या बायकांना आधीच ठाऊक होता: हळदीत चुना पडला की कुंकू होतं. साबण लागताच हळदीचा डाग लाल होतो, तीही त्याचीच करामत. १८१५ साली व्होगेल आणि पेलेटिए यांनी हा पिवळा पदार्थ वेगळा काढला. (हाच पेलेटिए पुढे सिंकोनाच्या सालीतून क्विनीन काढणारा.) रेणूची रचना उलगडायला १९१० उजाडलं, आणि जंतूंवरच्या परिणामाचा निबंध 'नेचर'मध्ये आला १९४९ मध्ये.

खरा बोलबाला पेटंटच्या भांडणाने झाला. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) जुने ग्रंथ आणि निबंध पुढे ठेवले. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. आनंद रास्तच. पण त्यातून सिद्ध झालं ते एवढंच, की हा वापर जुना आहे. हळदीने काय काय बरं होतं, हा खटलाच नव्हता. आपण मात्र दोन्ही निकाल एकदमच लागल्यासारखे वागू लागलो.

प्रयोगशाळेतल्या काचेच्या भांड्यात कर्क्युमिन सूज आणणाऱ्या प्रक्रिया रोखतं. पोटात गेल्यावर गोची होते: पाण्यात विरघळत नाही, रक्तात फारसं उतरत नाही, उतरलं ते यकृत झटपट निकालात काढतं. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी सोबत मिऱ्यातलं पिपेरीन दिलं, तर रक्तातलं प्रमाण वीसपट झालं. गुडघेदुखीत थोडा आराम पडल्याचे काही छोटे अभ्यास आहेत. पण २०१७ च्या एका मोठ्या आढाव्याने कर्क्युमिनच्या औषधी दाव्यांना भक्कम आधार नसल्याचं सांगितलं.

आमटीतल्या चिमटीची गोष्ट निराळी, कर्क्युमिनच्या गोळ्यांची निराळी. पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे सुमारे पंधरा ग्रॅम हळदीतलं कर्क्युमिन; त्यात मिऱ्याचा अर्क आला की रक्तातली इतर औषधंही वाढू शकतात. अशा गोळ्या घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अमेरिकेत आणि इटलीत आहेत.