एका रोग्यासाठीं वळलेली आगबोट

समुद्रसहलीला निघालेली एखादी मोठी आगबोट मध्यरात्रीं एकाएकीं दिशा बदलते. सकाळीं उतारू डेकवर येऊन पाहतात, तों सूर्य भलत्याच बाजूला! थोड्याच वेळांत कप्तानाचा आवाज ध्वनिक्षेपकांतून ऐकूं येतो. बोटीवरील एका गृहस्थांची प्रकृति अत्यवस्थ आहे, त्यांना इस्पितळांत पोंचविण्यासाठीं बोट जवळच्या बंदराकडे वळविली आहे, सबब उद्यांचें ठरलेलें बंदर घेतां येणार नाहीं. दोनतीन हजार माणसें हळहळतात. आणि मग न्याहारीच्या टेबलावर त्यांच्यांतलाच कोणी तरी हळूच विचारतो, "तें सर्व खरें, पण आमच्या पैशांचें काय?"

प्रश्न कानांना कठोर लागतो. परंतु विचारणारा माणूस दुष्ट असतोच असें नाहीं, आणि प्रश्नही आजकालचा नव्हे. एकाचा जीव आणि अनेकांचा खोळंबा यांचा हिशेब दर्यावर्दी लोक सुमारें आठशें वर्षें मांडीत आले आहेत.

फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यालगत ओलेरॉन नांवाचें बेट आहे. मध्ययुगांत त्या बाजूनें द्राक्षासवाचीं पिंपें भरून उत्तरेकडे जाणाऱ्या गलबतांचे जे तंटे उपस्थित झाले, त्यांवरील निवाड्यांचा संग्रह या बेटाच्या नांवानें प्रसिद्ध आहे. त्यांतील एक नियम आजाऱ्याविषयींचा आहे. खलाशी चाकरीवर असतांना आजारी पडला, तर गलबताच्या मालकानें त्याला किनाऱ्यावर उतरवून बिऱ्हाड पाहून द्यावें, रात्रीं दिव्याची सोय करावी, गलबतावरील एखादा पोऱ्या शुश्रूषेस ठेवावा, आणि गलबतावर जें अन्न मिळत असे तें त्याला मिळत राहील असें करावें. पण गलबत निघण्यास सिद्ध झालें असेल, तर त्यानें आजाऱ्यासाठीं खोळंबून राहूं नये. एवढ्या जुन्या काळीं इतकी माया आणि इतका रोखठोक व्यवहार एकाच कलमांत सांपडावा, याचें मला नेहमींच नवल वाटत आलें आहे.

पुढें व्यापार वाढला, विम्याचा धंदा उभा राहिला, आणि जहाजाची वाट ही करारांतील मुख्य गोष्ट होऊन बसली. विमेवाल्यानें पैसे घेतलेले असत ते अमुक बंदरापासून तमुक बंदरापर्यंतच्या नेहमींच्या मार्गाचे. जहाज सबळ कारणावांचून त्या मार्गावरून ढळलें, कीं विमेवाला त्या क्षणापासून मोकळा होई. पुढें नुकसान झालें, तर तें मार्ग सोडल्यामुळें झालें कीं नाहीं, हा प्रश्नही कोणी विचारीत नसे. असा कडक नियम डोक्यावर असतांना, बुडणाऱ्या माणसाकडे जहाज वळविण्याची परवानगी कप्तानाला आहे कीं नाहीं?

या प्रश्नाचें स्पष्ट उत्तर १८८० सालीं इंग्लंडांतील अपील कोर्टानें दिलें. "ऑलिंपियास" नांवाची आगबोट क्रोनस्टॅट बंदरांतून गहू भरून जिब्राल्टरकडे चालली होती. वाटेंत तिला "एरियन" ही यंत्र मोडलेली बोट भेटली. हवा चांगली होती, समुद्र शांत होता. एरियनवरील माणसें काढून घेणें मुळींच अवघड नव्हतें. परंतु ऑलिंपियासच्या कप्तानानें एक हजार पौंडांचा सौदा ठरवून ती बोटच ओढीत टेक्सेलकडे नेण्याचें पत्करलें. वाटेंत टर्शेलिंगच्या वाळूंत तो स्वतःच रुतला आणि गव्हासकट आपली बोट गमावून बसला. गव्हाच्या मालकानें दावा लावला. मुख्य न्यायाधीश कॉकबर्न यांनीं निर्णय दिला तो असा : माणसांचे प्राण वांचविण्यासाठीं वाट सोडली, तर तो करारभंग नव्हे, केवळ मालमत्ता वांचविण्यासाठीं सोडली, तर मात्र तो करारभंग होय. हजार पौंडांसाठीं वळलेल्या कप्तानाच्या धन्याला गव्हाची किंमत भरून द्यावी लागली.

येथें प्राण होते ते दुसऱ्या जहाजावरचे. आपल्याच जहाजावर कोणी आजारी पडला तर काय? इंग्लंडच्या १९०६ सालच्या सागरी विम्याच्या कायद्यांत तोही प्रश्न सोडविलेला आहे. वाट सोडण्याचीं जीं कारणें तेथें क्षम्य मानलीं आहेत, त्यांत जहाजावरील कोणाही माणसासाठीं वैद्यकाची किंवा शस्त्रवैद्याची मदत मिळविण्याकरितां मार्ग बदलणें जरूर पडल्यास, असें स्वतंत्र कलम घातलेलें आहे. "कोणाही माणसासाठीं" हे शब्द लक्षांत घेण्यासारखे आहेत. पहिल्या वर्गाचा उतारू आणि भट्टींत कोळसा टाकणारा मजूर यांत कायद्यानें भेद केला नाहीं. भारताच्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यानेंही हेंच कलम उचललें आहे.

आतां वळण्याची मुभा असणें निराळें आणि वळणें हें कर्तव्य असणें निराळें. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढें १९०४ सालीं "इरोक्वा" जहाजाचा खटला आला, त्यांत नेमका हा दुसरा प्रश्न होता. केप हॉर्नच्या बाजूला एक खलाशी डोलकाठीवरून पडून त्याचा पाय मोडला. कप्तानानें हाडें बसविण्याचा आपल्या परीनें प्रयत्न केला, पण मधल्या कोणत्याही बंदरांत न शिरतां तो सरळ सॅन फ्रान्सिस्कोला गेला. तेथें पोंचल्यावर त्या खलाशाचा पाय कापावा लागला. न्यायालयानें सांगितलें कीं, दुखापत किती भारी आहे, बंदर किती दूर आहे, वारा कोणीकडचा आहे, हें सर्व पाहून कप्तानानें ठरवावयाचें असतें आणि त्याला पुष्कळ मोकळीक दिली पाहिजे. तरी या प्रसंगीं त्यानें व्हाल्पारायझोला जावयास हवें होतें. खलाशाला भरपाई मिळाली. म्हणजे भरपाईचा पहिला हक्क जहाज वळल्यामुळें ज्यांचा खोळंबा झाला त्यांचा नव्हे, तर ज्याच्यासाठीं जहाज वळलें नाहीं त्याचा ठरला.

या इतिहासांतील सर्वांत मोठा प्रसंग मात्र कोर्टांत घडला नाहीं. "टायटॅनिक" बुडाल्याची हकीकत सर्वांना तोंडपाठ आहे. "कार्पेथिया"वरील उतारूंचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. ही बोट ११ एप्रिल १९१२ रोजीं न्यूयॉर्कहून भूमध्य समुद्राकडे निघाली होती. तिच्यावर सातशेंवर उतारू होते. कोणी सहलीला, कोणी माहेरच्या देशाला निघालेले. १५ तारखेच्या मध्यरात्रीनंतर मदतीची बिनतारी हांक आली, तेव्हां कप्तान रॉस्ट्रन यानें आधीं बोट वळविण्याचा हुकूम दिला आणि मग संदेशाची खात्री करून घेतली. इंग्रज डॉक्टर पहिल्या वर्गाच्या भोजनगृहांत, इटालियन डॉक्टर दुसऱ्या वर्गाच्या, हंगेरियन डॉक्टर तिसऱ्या वर्गाच्या, अशी त्यानें वांटणी केली. चहा, सूप, कांबळीं तयार ठेवविलीं. पहांटे चारच्या सुमारास बोट पोंचली आणि सातशेंहून अधिक माणसें तिनें पाण्यावरून उचलून घेतलीं.

खरा पेंच त्यानंतरचा. आतां जावयाचें कोठें? अझोर बेटें कार्पेथियाच्या स्वतःच्या वाटेवर होतीं. तिकडे गेलें असतें, तर मूळच्या उतारूंचा खोळंबा सर्वांत थोडा झाला असता. परंतु दुप्पट माणसांना पुरेल इतकें अन्न नव्हतें, अंथरूणपांघरूण नव्हतें. हॅलिफॅक्स जवळ होतें, पण त्या वाटेवर बर्फ होता, आणि ज्यांनीं आदल्या रात्रीं बर्फामुळें आपलीं माणसें गमावलीं त्यांना पुन्हां बर्फ दाखविण्याची रॉस्ट्रनला इच्छा नव्हती. म्हणून बोट आल्या पावलीं न्यूयॉर्कला परतली. १८ तारखेला रात्रीं ती पोंचली आणि २० तारखेला पुन्हां भूमध्य समुद्राकडे निघाली. सहलीचे नऊ दिवस गेले. मधल्या काळांत कित्येकांनीं आपल्या खोल्या, आपले कपडे परक्यांना देऊन स्वतः भोजनगृहांत रात्री काढल्या.

तरीही "आजार" हा शब्द उच्चारला कीं सर्व क्षम्य, असें मानूं नये. १८९६ च्या डिसेंबरांत मुंबईहून निघालेल्या "कूरलँड" आणि "नादेरी" या दोन आगबोटी डर्बनला पोंचल्या. दोहोंवर मिळून सुमारें आठशें उतारू होते, आणि त्यांत गांधीजी होते. मुंबईंत प्लेग होता, म्हणून बोटींना क्वारंटाईन लागला, येथवर ठीक. पण बोटींवर कोणी आजारी नसतांही मुदत वाढत वाढत गेली, कारण किनाऱ्यावरील गोऱ्या जमावाला हिंदी लोक उतरूंच द्यावयाचे नव्हते. बोटी परत फिरवाल तर नुकसान भरून देऊं, असा निरोप दादा अब्दुल्लांच्या पेढीला गेला. पेढीनें तो झिडकारला. उतारूंनीं जमिनीवर पाय ठेवला तो १३ जानेवारी १८९७ ला. भरपाईच्या आमिषाचा इतका उघड दुरुपयोग दुसरा आढळणें कठीण.

जातां जातां ज्या साधनानें मी आपल्याशीं बोलत आहें, त्याचा या कामीं झालेला उपयोग सांगितला पाहिजे. न्यूयॉर्कच्या खलाशांच्या एका संस्थेनें १९२०-२१ च्या सुमारास समुद्रावरील जहाजांना बिनतारी यंत्रानें वैद्यकीय सल्ला देण्यास आरंभ केला. रोममध्यें १९३५ सालीं डॉक्टर ग्विदो ग्वीदा यांनीं याच कामासाठीं केंद्र काढलें. त्याचे पहिले अध्यक्ष स्वतः मार्कोनी होते. डॉक्टर नसलेल्या मालवाहू जहाजांना हा मोठाच आधार झाला, आणि कित्येकदां मार्ग बदलण्याची गरजच उरली नाहीं.

मौजेची समुद्रसहल हा धंदा या मानानें तरुण. हांबुर्गच्या आल्बर्ट बालिननें जानेवारी १८९१ मध्यें "आउगुस्टा व्हिक्टोरिया" ही बोट २४१ उतारूंसह भूमध्य समुद्रांत फिरविली. हिंवाळ्यांत अटलांटिकवर गिऱ्हाईक मिळेना, म्हणून काढलेली ती युक्ति होती. पण त्या युक्तीनें जहाज आणि उतारू यांचें नातें पालटलें. पूर्वीं बंदर हें पोंचण्याचें ठिकाण होतें, उशिरां पोंचलें तरी पोंचलें. सहलीच्या बोटींत बंदर हाच माल. एक बंदर गळलें, तर विकलेल्या मालांतील एक नग कमी झाला, असें उतारूला वाटल्यास नवल तें काय?

हें वाटणें कायद्यानें कितपत मानावें? १९७२ सालीं इंग्लंडांत लॉर्ड डेनिंग यांनीं एका वकिलाला १२५ पौंड देवविले. त्याची स्वित्झर्लंडमधील नाताळची सुटी जाहिरातींतील वर्णनाप्रमाणें झाली नव्हती. त्यानें भरले होते ६३ पौंडांच्या आसपास. हिरमोडाचीही किंमत होऊं शकते, हें तत्त्व तेथें मान्य झालें. परंतु तेथें दोष कंपनीचा होता. सहलबोटींच्या कंपन्यांच्या संघानें २०१३ सालीं उतारूंच्या हक्कांची सनद काढली; तींत पैसे परत मिळण्याचें वचन आहे तें यंत्र बिघडल्यास, उतारू आजारी पडल्यास नव्हे. युरोपच्या २०१० च्या नियमांप्रमाणें बोटीला फार उशीर झाला तर भाड्याचा निदान चौथा हिस्सा परत मिळतो, पण सहलबोटींना तें कलम लागू नाहीं. आणि तिकिटाच्या मागें छापलेल्या करारांत, मार्ग बदलण्याचा अधिकार कप्तानाला आहे, असें बहुधा असतेंच.

मग २०२३ च्या जानेवारींत युरोपीय न्यायालयानें एक निराळा धागा काढला. ग्रॅन कॅनरिया बेटावर सुटीला गेलेल्या दोघा जर्मन प्रवाशांची मौज मार्च २०२० मध्यें साथीच्या निर्बंधांमुळें फुकट गेली होती. न्यायालय म्हणालें कीं, कंपनीचा दोष नसला तरी जें दिलें नाहीं त्याची किंमत कमी केली पाहिजे. दंड निराळा आणि किंमतींतील घट निराळी. मला हा भेद बिनतोड वाटतो. रद्द झालेल्या बंदराचा कर कंपनीनें भरलाच नसेल, तर तो तिनें खिशांत ठेवण्याचें कारण नाहीं. पण सागरावर मरणाच्या दारीं पडलेल्या माणसामुळें आपला आनंद बुडाला, म्हणून वर आणखी रक्कम मागणें हें निराळें, आणि त्या मागणीला मी तरी माझा कौल देणार नाहीं. रक्कम जितकी मोठी, तितका पुढल्या खेपेला वळण्याचा हुकूम देतांना कप्तानाचा हात अडखळणार.

न्याहारीच्या टेबलावर एका गोष्टीची चर्चा सहसा होत नाहीं. ज्याच्यासाठीं बोट वळली तो गृहस्थ, बरोबर असल्यास त्याची पत्नी, आणि घाईनें भरलेल्या दोन बॅगा धक्क्यावर उतरतात. तेथील भाषा त्यांना येत नसते. प्रवासाचा विमा काढलेला नसेल, तर इस्पितळाचा आणि परतीचा सारा खर्च त्यांच्याच माथीं बसतो. शुश्रूषेस पोऱ्या ठेवण्याची ओलेरॉनची रीत आतां राहिलेली नाहीं; फार तर कंपनीचा बंदरावरील अडत्या गाडी ठरवून देतो. तासादीडतासांत बोटीचा भोंगा वाजतो आणि ती पुढल्या बंदराची वेळ गांठण्यासाठीं वेग वाढवीत निघून जाते.