केरसुणी नव्हे, फुलारलेला तारा

चिनी लिपीत ‘बेइ’ या उच्चाराचे, अवघ्या सात रेघांचे एक अक्षर आहे. रोजच्या लिखाणात ते क्वचितच भेटते. खगोलशास्त्राच्या इतिहासात मात्र त्याला टाळता येत नाही.

लू राज्याच्या ‘छुन-छिउ’ या बखरीत इ.स.पू. 613 ची एक त्रोटक नोंद आहे. शरद ऋतूत, सातव्या महिन्यात एक तारा ‘बेइ’ होऊन सप्तर्षींत शिरला. येथे ‘बेइ’ हे नाम नसून क्रियापदासारखे आले आहे, हे ध्यानात घ्यावे. तारा जणू फुलारला. आणि तो ‘शिरला’, म्हणजे सरकत होता. तेव्हा तो जागच्या जागी उजळणारा नवतारा नव्हे, धूमकेतूच असणार.

इ.स. 100 च्या सुमारास शू शेनने रचलेल्या कोशात हेच अक्षर माणसाच्या मुद्रेशी जोडलेले दिसते. दाखला कन्फ्यूशियसचा आहे: दरबारात वावरताना त्याचा चेहरा एकदम पालटे. आजच्या प्रतींत तेथे याच अक्षराला जोड देऊन बनलेले दुसरे अक्षर छापतात. एकाएकी उसळणे, फुलणे हा भाव दोन्हीकडे आहेच.

काटेकोर व्याख्या सापडते ती सातव्या शतकातील ‘चिन-शू’ या इतिहासग्रंथात. पिसारा एकाच बाजूला असेल तर ‘हुइ’, म्हणजे केरसुणी (आपले शेंडेनक्षत्र!), चहूबाजूंनी किरण फुटले असतील तर ‘बेइ’. हा भेद निरीक्षणातून आलेला आहे. धूमकेतूची शेपटी सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते. पृथ्वी दोघांच्या मधोमध आली की शेपटी डोक्याआड दडते आणि धूमकेतू गोल, केसाळ दिसतो. शेपटी संध्याकाळी पूर्वेकडे व पहाटे पश्चिमेकडे वळते, हेही त्या ग्रंथात आहे. युरोपात आपिआनने हे 1531 च्या धूमकेतूवरून दाखविले.

परंतु ही व्याख्या बाराशे वर्षे मागे नेऊन 613 चा धूमकेतू बिनशेपटीचा होता, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

दुसरे धाडस अनेक पुस्तकांनी केलेले आहे. ही हॅलेच्या धूमकेतूची पहिली नोंद, असे ती सांगतात. येओमान्स व किआंग यांनी 1981 मध्ये हॅलेची कक्षा गणिताने मागे नेली, तेव्हा तो इ.स.पू. 616 मध्ये सूर्याजवळ आला होता असे निघाले. काही महिनेच दिसणाऱ्या धूमकेतूच्या बाबतीत तीन वर्षांची तफावत चालत नाही. हॅलेची खात्रीची जुनी नोंद इ.स.पू. 240 ची, स-मा छिएनच्या इतिहासातील. तेथे अक्षर ‘हुइ’ आहे.